काच, नग एक, तिकिटासह

विषय : जुन्या टेबलावरची काच, नग एक, तिला चिकटलेल्या तिकिटासह घरी नेऊ देण्याबाबत.
संदर्भ : निवृत्त आवक कारकून यांचा अर्ज.

वरील विषयातली काच मीच बोलतेय. या प्रकरणात सगळ्यांचं म्हणणं मागवलं गेलं, माझं तेवढं राहिलं. म्हणून आपणहून सादर करते.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेली वाळू होते तेव्हा मला आकार नव्हता आणि कामही नव्हतं. तसं सुख पुन्हा लाभलं नाही. पुढे थंड झाले, कापली गेले, कडा घासल्या गेल्या आणि आवक विभागातल्या एका टेबलावर येऊन पडले. खाली हिरवं कापड, वर छताचा पंखा. पंखा दिवसभर माझ्यात फिरायचा आणि आपण तळ्याच्या तळाशी पडलो आहोत, वर कुणीतरी पाणी ढवळतंय, असं मला वाटत राहायचं.

टेबलाचे मालक आवक कारकून. प्रत्येक टिपणीच्या शेवटी ते चांगला ठसठशीत पूर्णविराम द्यायचे, म्हणून कार्यालयात त्यांना 'पूर्णविराम' म्हणत. प्रकरण एकही संपत नसे, ती गोष्ट वेगळी. दुपारी डबा खाल्ल्यावर ते माझ्यावर गाल टेकून डुलकी काढत. त्यांचा श्वास माझ्यावर धुक्यासारखा उमटे आणि विरून जाई. त्या धुक्यात ते कुठे कुठे जाऊन येत, कोण जाणे. साहेबांच्या खोलीत नक्की जात नसावेत, कारण चेहरा प्रसन्न असे.

टेबलाच्या काचेखाली माणसं काय काय सरकवतात! गाड्यांच्या वेळा, मुलांचे फोटो आणि ओळी. मनातलं सांगायची लाज वाटते, मग सिनेमातल्या, गाण्यातल्या, पुस्तकातल्या माणसाचे शब्द उसने आणायचे आणि काचेखाली ठेवायचे. टंकलेखिका बाईंनी एका गाण्याची ओळ ठेवली होती, 'वळण आलं म्हणून वळले, विसरले म्हणून नाही'. बदली झाली तेव्हा ती काढून घेऊन गेल्या. साहेबांनी पुस्तकातलं एक वाक्य टंकून पाठवलं होतं, 'ज्याला घाई नाही त्याला उशीर होत नाही'. ते मात्र सगळ्या विभागानं मनापासून अमलात आणलं.

एका सकाळी पूर्णविरामांनी खिशातून सिनेमाचं अर्धं तिकीट काढलं आणि उलटं करून माझ्याखाली सरकवलं. मागे शाईच्या पेनानं, थोडी तिरकी, पण स्वच्छ ओळ होती : 'थांब, अजून उजेड आहे.'

"हे काय नवीन?" टंकलेखिका बाईंनी विचारलं.

"काल सिनेमाला गेलो होतो. तो म्हातारा नावाडी असं म्हणाला आणि ही कानाशी लागली, 'अहो, पेन द्या.' म्हटलं, अंधारात काय लिहिणार? तर म्हणे, तुम्ही द्या तर. कारकुनाच्या खिशाला पेन असतंच, दिलं. मागचा एक जण ओरडला, 'संसार घरी जाऊन करा!'"

"मग पुढे काय झालं सिनेमात?"

"ते नाही लक्षात."

सिनेमा सगळे विसरले, ओळ राहिली. अर्ज घेऊन येणारी माणसं टेबलाशी वाकत, 'थांब' वाचत आणि निमूट बाकावर जाऊन बसत. साहेबांनी तिचा अर्थ काढला, की उजेड असेपर्यंत कुणी घरी जाऊ नये, आणि मान डोलावली. शिपायाला ती वीजबचतीची सूचना वाटली. तो येताजाता दिवे मालवायचा. पूर्णविरामांचा समज असा, की बायकोनं आपल्यालाच बजावलंय, उजेडी घरी या. ते वेळ झाली की उठत. साहेब घड्याळाकडे बघत, हे तिकिटाकडे. एकाच ओळीवर चौघांची चार घरं चालली होती.

पुढे कधीतरी पाण्याचा पेला कलंडला. शिपायानं टिपलं, पण पाणी कडेनं आत गेलं. ते तिकीट शाईच्या अंगानं मला चिकटलं ते चिकटलंच. निवृत्त होताना पूर्णविरामांनी नखानं उचकटून पाहिलं, कोपरा फाटायला लागला तसे थांबले. मी सरकारी आणि ते सरळ. खिशातल्या टाचण्यासुद्धा परत करून गेले.

मग नवी टेबलं आली. त्यांना काच लागत नाही. मी सामानाच्या खोलीत आले, मोडक्या खुर्च्यांमध्ये भिंतीला टेकून उभी. इथलं सगळं सामान निर्लेखनासाठी आहे, म्हणजे यादीतून खोडून भंगारात द्यायचं. तोवर दाराला सील. झरोक्यातून दुपारी थोडं ऊन येतं, माझ्यातून पार होतं आणि पलीकडच्या भिंतीवर पाण्यासारखं हलतं. मधोमध तिकिटाएवढी सावली, तळ्यातल्या होडीसारखी. ती हळूहळू सरकते. मी बघत राहते. बाहेर बाक आहे. त्यावर बसून बोललेलं सगळं ऐकू येतं.

एक दिवस पूर्णविरामांचा आवाज आला. सोबत त्यांच्या बायको. पाठोपाठ भांडारपाल, म्हणजे या खोलीच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात ते.

"सील आहे हो. साहेबांच्या सहीशिवाय दार उघडत नाही. तुम्हाला का नियम सांगायचे?"

"हिला एकदाच काचेला हात लावून बघू द्या," पूर्णविराम म्हणाले.

"ओळ पाठ आहे ना? मग घ्या की दुसऱ्या कागदावर लिहून," भांडारपाल म्हणाले आणि चहाला गेले.

नवा आवक कारकून थांबला होता. "काका, सही झाली की मी आत जाऊन फोटो काढतो. मोबाइलवर पाठवतो."

"फोटोचं काय करू रे बाबा?" बाई म्हणाल्या. "मला आता माणसाची नुसती कड दिसते. तूसुद्धा खांबासारखा दिसतोयस."

"खांबच आहे तो, सरकारी," पूर्णविराम म्हणाले.

बाई हसल्या. "बहिणीला पत्र लिहिलं, तर तिचा फोन. म्हणे, ओळीवर ओळ चढलीये, कुणाकडून लिहून घेतलंस? तेव्हापासून पेन खाली ठेवलं. जन्मभर फळ्यावर लिहिलं, आता पुरे. हे म्हणतात, अंधारात लिहिलं होतंस की तू, सरळ आलं होतं. माझी समजूत घालतात."

"समजूत नाही. दाबून लिहिलंस तू. मागच्या बाजूनं अक्षरं बोटाला लागतात."

ते खरं आहे. ती उठलेली अक्षरं माझ्या पाठीवर आहेत, उलटी.

"काकू, पण तेव्हा का लिहावंसं वाटलं?" नव्या कारकुनानं विचारलं.

"शिक्षिका व्हायचं राहून गेलं, असं धरून बसले होते. लग्न झालं, संपलं. ती ओळ ऐकली आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन फॉर्म भरला."

मग पूर्णविराम म्हणाले, "मी रोज लवकर घरी येत होतो."

"येत होतात ते बरंच होतं. भाजी चिरायला उपयोग व्हायचा."

त्यानंतर अर्ज झाला. साहेबांनी शेरा मारला, काच कार्यालयाची, तिकीट अर्जदाराचे, दोन्ही वेगळे करता येईल काय? भांडारपालांनी लिहिलं, येत नाही. मग विचारणा झाली, तिकीट चिकटवण्यास परवानगी घेतली होती काय?

पूर्णविराम तापानं अंथरुणाला खिळले. अर्जाचा पाठपुरावा करायला घरात दुसरं कोणी नव्हतं. काही दिवसांनी नवा कारकून भांडारपालांना बाकावर बसवून वाचून दाखवत होता.

"काकूंचं स्मरणपत्र आलंय. स्वतःच्या हातचं. दोन ओळी एकमेकींवर बसल्यात, जरा सावकाश वाचतो."

"हे आवक करून घेतलंस? असलं परत पाठवतात."

"वाचता येतंय की."

दुसरं स्मरणपत्र आलं ते अधिक कडक होतं. त्यात ओळी सुट्या होत्या. पुठ्ठ्याची पट्टी खाली धरून लिहिते, असं त्यांनी खाली कळवलं होतं. तिसऱ्यात साहेबांच्या दोन चुका काढल्या होत्या.

मला घरी जायचं आहे, बाईंची बोटं त्या अक्षरांवरून फिरावीत असं फार वाटतं. भंगारात काच फोडून पोत्यात भरतात, हेही ठाऊक आहे. पण मंजुरी आली की स्मरणपत्रं बंद होतील, बाई पुन्हा पेन खाली ठेवतील, हा विचार दुपारच्या उन्हात मनात येतो आणि मग मी कुणाच्या बाजूची आहे, ते माझं मलाच कळत नाही.

निर्लेखनाची तारीख ठरलेली नाही. चौथं स्मरणपत्र काल आलं, त्याची आवक नोंद झाली. अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे. निर्णय प्रलंबित.