नववी खूण

मित्रांनो, मी एक जुना लष्करी ट्रक आहे. माल वाहणारा, दहा चाकांचा आणि लांबीला जरा जास्तच. तुम्ही माझ्या शेडमध्ये येता, मडगार्डवर चढता, हॉर्न वाजवता आणि विचारता, "हाच ना तो पुरातला ट्रक?" तेव्हा कुठे तोंड लपवू असं मला होतं. पण माझ्यासारख्या धिप्पाड गड्याला लपायला जागा कुठून मिळणार? आम्हाला लाजायचं तरी चारचौघांतच लाजावं लागतं. म्हणून आज मी सगळं सांगून टाकणार आहे.

साध्या ट्रकचा हौदा बारा फुटांचा असतो. माझा सतरा फुटांचा आहे. पुलाच्या तुळया, लांबलचक नळ आणि होड्या न्यायला आम्हाला मुद्दाम असं घडवलं. असे ट्रक फार थोडे झाले. आमच्या तळावर तर दोनच आले, मी आणि माझा जुळा भाऊ. माझा नंबर चौसष्ट, त्याचा पासष्ट. पुढच्या-मागच्या पत्र्याच्या पाट्या झाकल्या, तर कोण कुठला हे कारखान्यातल्या मिस्त्रीलाही सांगता आलं नसतं.

पासष्ट चालवायचे बाबा. त्यांची मुलगी, म्हणजे आमची ताई, त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. हसरा माणूस, चाक हातात आलं की शीळ घालणारा. मला चालवायचे ते फूटपट्टी. खिशात कायम लाकडी घडीची पट्टी, म्हणून हे नाव पडलं. "हा चहासुद्धा मोजून पितो," असं सगळे चिडवायचे. ते चिडायचे नाहीत. उलट चहाचा पेला मोजून दाखवायचे.

एकदा नळ भरताना लांबीचा घोळ झाला. तेव्हा फूटपट्टींनी कानस घेतली आणि माझ्या हौद्याच्या लोखंडी काठावर, आतल्या बाजूला, फुटाफुटावर बारीक खाचा पाडल्या. नवव्या खाचेला कोणीतरी हाक मारली, हात सटकला आणि खूण इंचभर पुढे गेली. फूटपट्टी दिवसभर हळहळले. सरकारी गाडीवर असं काही कोरणं म्हणजे गुन्हाच. म्हणून ते कोणाला बोलले नाहीत, अगदी बाबांनाही नाही. आणि बाबांपासून त्यांचं एरवी काही लपलेलं नव्हतं. दोघांची घरं शेजारी होती. ताई तेव्हा पाच वर्षांची होती. तिची उंची दर महिन्याला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मांडायची, ती फूटपट्टीकाकांनीच.

मग पूर आला. बाबा आणि पासष्ट छातीभर पाण्यातून तीनदा गेले आणि हौदा भरभरून माणसं घेऊन आले. म्हातारी, पोरंबाळं, एक गाभण शेळीसुद्धा. सगळीकडे त्यांचीच वाहवा झाली. परेडमध्ये पासष्टच्या दारावर पांढरा तारा रंगवायचं ठरलं. मी त्या दिवसांत दुसरीकडे नळ वाहत होतो. खोटं कशाला बोलू, मला भावाचा हेवा वाटला. तो तारा माझ्या दारावर असता तर, असं माझ्या मनात आलं. ते आठवलं की आजही माझा रेडिएटर तापतो.

त्याच आठवड्यात माझे ब्रेक ढिले पडले. पेडल दाबलं की पाय थेट तळाला टेके. फूटपट्टींनी लेखी तक्रार दिली, 'ब्रेक धरत नाहीत. गाडी बाहेर काढू नये.' इतकी साधी दोन वाक्यं. बाबांनी ती वाचली होती. पण परेडच्या आदल्या दिवशी नळ पोचवायचा निरोप आला. पासष्ट धुऊनपुसून उभा होता, त्याला कोण चिखलात घालणार? फूटपट्टी जेवायला गेले होते. बाबा म्हणाले, "एवढा फाट्यापर्यंत तर जायचंय. काय होतंय?" आणि त्यांनी मला बाहेर काढलं.

उतारावर व्हायचं तेच झालं. मी थांबलोच नाही. फाटकाचा खांब पाडला आणि पहारेकऱ्याची लाकडी चौकी पार चपटी केली. नशीब, पहारेकरी तेवढ्यात पाणी प्यायला गेला होता. चौकीत त्याची चप्पल सापडली आणि बाबा फळ्या उपसून माणूस शोधू लागले.

तक्रार असलेली गाडी काढली म्हणजे नोकरी गेलीच. बाबांनी मला कसंबसं, गिअरवर रोखत, मागे यार्डात आणलं. दुपारची वेळ होती आणि यार्डात चिटपाखरू नव्हतं. त्यांनी पाना घेतला आणि माझ्या पाट्या काढून भावाला लावल्या, भावाच्या मला. घाईत एक स्क्रू दोनदा पडला. मला बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो. निदान आज तरी मला तसं वाटतं.

कागदावर मग असं झालं की बाबांनी स्वतःचीच गाडी नेली, रस्ता ओला होता आणि गाडी घसरली. बाबांना समज मिळाली, बस्स. परेडसाठी माझी रातोरात दुरुस्ती झाली, त्यात ब्रेकही नवे बसले. इकडे तळाच्या साहेबांनी तक्रारीवरून, चौसष्टची पाटी बघून ब्रेक तपासले, तर ते एकदम ठणठणीत! भावाचेच ते ब्रेक.

"साहेब, हा माझा ट्रक नाही," फूटपट्टी म्हणाले.

"नंबर वाचता येतो ना तुला?"

"येतो साहेब. पण गाडी माझी नाही. खालच्या सांगाड्यावर डांबराच्या थराखाली कोरीव नंबर आहे, तो बघा हवं तर."

"उद्या परेड आहे आणि आज मी डांबर खरवडत बसू? कामाची टाळाटाळ करायची ती कर, पण असली सोंगं नकोत."

फूटपट्टींच्या ओठांवर खाचांची गोष्ट आली होती. पण ती सांगणं म्हणजे स्वतःचा गुन्हा कबूल करणं. ते गप्प बसले. त्यांनी फक्त बाबांकडे पाहिलं, आणि बाबा बुटाची नाडी बांधायला खाली वाकले.

खोटी तक्रार केली म्हणून फूटपट्टींचं चाक गेलं ते कायमचं. त्यांना कोठारात घोंगड्यांच्या घड्या घालायला बसवलं. माझ्या दारावर तारा रंगवला गेला. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. भावाला 'कटकटी गाडी' म्हणून दुसऱ्या तळावर धाडलं आणि काही वर्षांनी गॅसकटरनं तुकडे करून भंगारात काढलं, तेही माझ्या नंबरानं. पुरातून माणसं काढणाऱ्या ट्रकचा असा शेवट झाला, आणि मी त्याचा तारा मिरवत राहिलो. फूटपट्टींनी शेजारचं घर सोडलं. चौकटीवरच्या पेन्सिलीच्या रेघा तेवढ्या पुढे सरकायच्या थांबल्या.

अशी पस्तीस वर्षं गेली. मीही मोडीत निघालो. इकडे ताई मोठी झाली. तिचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळलेल्या पंपांची तांब्याची तार उकलून नवी भरते, हात कायम वार्निशानं पिवळे. मोडीतल्या लष्करी गाड्यांच्या यादीत तिला पासष्ट नंबर दिसला आणि ती धावतच आली. टेप लावून हौदा मोजला, "सतरा! सतरा भरले!" म्हणून नाचली आणि मला घरी घेऊन गेली. "आधी ब्रेक, मग रंग," असं म्हणत महिनाभर माझ्या खाली पडून राहिली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगं, तोंड तुझ्या दारात नि शेपूट माझ्या. निम्मा ट्रक माझा धरायचा का?"

मला बघून बाबा आत निघून गेले. ताईला वाटलं, गहिवरले. आणि त्या खाचा? त्या ताईला सापडल्या होत्या. येईल त्याला ती अभिमानानं दाखवायची, "ही लांब हौद्याची खास ओळख. कंपनीचीच खूण!" लोक माना डोलवायचे. मी लाजेनं अर्धा व्हायचो, आणि तरी सतरा फूट उरायचो.

तिला शेडबाहेर फलक लावायचा होता, 'पुरात माणसं वाचवणारा ट्रक.' पेंटरनं तो रंगवूनही आणला होता. फक्त जुन्या गाड्यांच्या मंडळाला एका जाणकाराची सही हवी होती. लांब हौद्याचे ट्रक सगळ्यांत जास्त कोणाला कळतात, अशी चौकशी करत ताई थेट फूटपट्टीकाकांच्या दारात पोचली.

"त्याला नको बोलावू," बाबा म्हणाले.

"का? भांडलात म्हणून? अहो बाबा, आता म्हातारे झालात दोघं. सोडा ना."

काका आले. वाळून काडी झाले होते, पण खिशात पट्टी तीच. बाबा खुर्चीत बसले होते. दोघांनी एकमेकांना 'बरं आहे ना' एवढंच विचारलं. मग काकांनी हौद्याची लांबी मोजली. मग काठावर बोट ठेवून ते पुढे पुढे सरकत गेले. रंगाचे थर चढले होते, पण बोटाला खाचा लागत होत्या. सहा, सात, आठ. नवव्या खाचेशी बोट थांबलं. त्यांनी पट्टी लावली. इंचभर पुढे.

"ही खूण कसली गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कंपनीची, काका!"

"कंपनीचा हात एवढा वाकडा नसतो, बाळ."

ताईला काही कळलं नाही. तिनं कागद आणि पेन पुढे केलं. काकांनी पेन घेतलं, पण ते बाबांकडे बघून बोलले, "नंबर काय लिहू? तू सांग."

बाबांनी बुटाच्या नाडीकडे हात नेला. पण पायात चपला होत्या. ते तसेच वाकून राहिले, आणि मग सरळ झाले.

"चौसष्ट लिही."

"बाबा, पासष्ट!" ताई म्हणाली.

"चौसष्ट गं. पाट्या मी बदलल्या." आणि त्यांनी उतारापासून स्क्रूपर्यंत सगळं सांगितलं. ताई माझ्या पायरीवर बसली. तिचे पिवळे हात मांडीवर नुसते पडून होते.

काका म्हणाले, "माझ्या बायकोलाही वाटायचं, मी घाबरून खोटी तक्रार केली. कधी तोंडावर बोलली नाही बिचारी. पण तिला वाटायचं. गेली गेल्या साली. आता तिला कोण सांगणार?"

माफी मागायला बाबांनी हात जोडले, तर काका म्हणाले, "ते राहू दे. ताई, किल्ली दे."

ताई म्हणाली, "काका, जमेल ना?" पण किल्ली दिली. काका माझ्या सीटवर बसले. पस्तीस वर्षांनी! बाबांना त्यांनी शेजारी बसवलं. गल्लीच्या टोकाला उतार आहे, तिथे त्यांनी मला नेलं, वेग येऊ दिला आणि पेडल दाबलं. मित्रांनो, मी जीव एकवटून थांबलो. दहाही चाकं जागच्या जागी रुतली.

"आता धरतात," काका म्हणाले. "तेव्हा?"

"तेव्हा धरत नव्हते," बाबा पुटपुटले.

"मोठ्यानं म्हण. तेव्हा मला मोठ्यानंच खोटा म्हणाले होते सगळे."

बाबांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं. आवाज ऐकून शेजारच्या मावशी दारात आल्या होत्या, पेंटर हातात ब्रश घेऊन उभा होता. "तेव्हा ब्रेक धरत नव्हते!" बाबा ओरडले. "यानं खरं लिहिलं होतं!" मग ते रडायला लागले. काकांनी त्यांची समजूत घातली नाही. पण त्यांना उतरूनही दिलं नाही. तसंच शेजारी बसवून परत आणलं.

पासष्टच्या पाट्या आणि दारावरचा तारा ताईनं दुसऱ्याच दिवशी उतरवला. फलक पुसून नवा रंगवला. त्यावर आता माझं कौतुक नाही. वर भावाचा नंबर आणि त्यानं पुरात केलेलं काम आहे, आणि खाली फूटपट्टीकाकांची ती दोन वाक्यं, जशीच्या तशी.

तर मित्रांनो, माझ्याकडे या, हॉर्नही वाजवा. पण जाताना हौद्याच्या काठावर नवव्या खाचेशी एकदा बोट लावा. रोज एखाद्या कामाशी झटणारं माणूस 'इथे काहीतरी बिघडलंय' म्हणालं, तर पाटी वाचून त्याला खोटं पाडू नका. वाकून खाली बघा. आणि शेजारच्यावर खोटा आळ आला, तर बुटाची नाडी बांधू नका. मला तोंड नव्हतं, म्हणून मी पस्तीस वर्षं गप्प राहिलो. तुम्हाला आहे.