कढत पाण्याचा हंडा

नाथाजीने गोणपाटाची चौघडी रेडिएटरच्या झाकणावर दाबली, तोंड बाजूला फिरवलं आणि झाकण हळूच पहिल्या खाचेपर्यंत सैल केलं. आतली वाफ चवताळून बाहेर आली. ती पुरती ओसरल्यावर त्याने झाकण काढून आत बाभळीची काडी घातली. काडी कोरडीच वर आली.

मागच्या सीटवर लीलाबाई कण्हत होती. मूल आडवं आलंय, साताऱ्याला गाठा, असं दहिवडीच्या सुईणीने निक्षून सांगितलं होतं. सुनेचं डोकं मांडीवर घेऊन चंद्राबाई सगळ्या देवांना साकडं घालत होती.

नाथाजीने फौजेत पंधरा वर्षं ट्रक हाकलेले. आधी गाडीला पाणी, मग पोटाला चहा, हा त्याचा रोजचा नेम. पण पहाटे हाक आली, बॉनेट उघडायचं राहिलं आणि शहाण्याने नेमकी आजच माती खाल्ली. पाइपाला चीर गेली होती. त्याने पटका फाडून ती करकचून बांधली. झाकण सैल ठेवलं की दाब चढत नाही, चिंधीही तग धरते. पण पाण्याचं काय?

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. माण तालुक्यातल्या विहिरींनी तळ दाखवलेला, टँकर चार दिवसांतून एकदा. अशा दिवसांत कुणाच्या दारात पाणी मागायला जीभ रेटत नाही. तरी रस्त्याकडेच्या एकुलत्या एका घरापुढे तो जाऊन उभा राहिला. बनुबाई नावाची एक म्हातारी बाहेर आली.

"मावशी, गाडीत अडलेली बाई हाय. इंजनाला पाणी पायजे."

"रांजणाच्या तळाला हाय कळशीभर. घे की."

"गार पाणी वतलं तर तापलेलं इंजन तडकंल. निवायला अर्धा घंटा जाईल. तिला तेवढा दम न्हाई, मावशी."

"मग कढत चालतंय व्हय?"

"चालतंय की! पण तापवायचं कवा?"

बनुबाई आत वळली आणि फडक्यात धरून वाफाळता हंडाच घेऊन आली. नाथाजीने झटकन हात लावला. इंजिन चालू ठेवून त्याने बारीक धारेने पाणी ओतलं. रेडिएटर गळ्यापर्यंत भरला, तापमानाचा काटा उतरला. चंद्राबाईने गाडीतूनच हात जोडले.

रिकामा हंडा द्यायला तो धावत दारापाशी गेला. आत बाजेखाली शेगडी धुमसत होती. बाजेवर बनुबाईची लेक केस मोकळे सोडून बसली होती. अंगभर तेल चोळलेलं, आणि मांडीवर तसंच तेलाने माखलेलं चार दिवसांचं बाळ. न्हाणीत पाट मांडून ठेवला होता.

नाथाजीच्या हातून हंडा खाली ठेववेना.

"मावशी, आधी का न्हाई बोललीस?"

"बोलले असते तर तू घेतलं असतंस व्हय? जा रं, खोळंबू नगंस."

सख्ख्या बहिणीनेही इतकं केलं नसतं, असं त्याला वाटलं. बाजेवरच्या पोरीने बाळाच्या अंगावर पदर ओढला आणि मान वर केली.

"दादा, पुरलं का वो?"