हसवणारीचं मीठ

व्हर्नाने निळ्या मक्याच्या पिठात ज्युनिपरच्या पाल्याची राख चाळली आणि काटक्यांच्या जुडीने पातेलं ढवळायला घेतलं. मागे टेबलावर, पाळण्याच्या फळीवर घट्ट बांधलेली तिची तान्ही नात छताकडे टक लावून बघत होती.

"काय गं ए भोपळ्या," व्हर्ना न वळताच म्हणाली, "तुझ्यासाठी नाही ही पेज. तुला दात कुठे आहेत?"

लारिसा दारात उभी राहून बुटांच्या नाड्या बांधत होती. ती थांबली.

"भोपळा झाला, चिमणी झाली, काल तर बोकड म्हणालीस. आई, तिला नाव आहे."

"माहीत आहे मला."

"मग घे ना एकदा. आठवडा झाला आम्हाला येऊन."

व्हर्नाने आच कमी केली. बाळाचं नाव व्हर्नाच्या आईचं होतं, आणि आई शरदात गेली होती. गेलेल्या माणसाचं नाव घेऊ नये. वाटेला लागलेलं माणूस थबकतं, कोण बोलावतंय म्हणून मागे वळतं. इथलं, पिन्यॉनच्या माळावरचं शेंबडं पोरही हे जाणतं. लारिसा फीनिक्स शहरात राहत असली तरी जाणत होतीच.

पण तिला बोलायला व्हर्नाची जीभ रेटत नव्हती. पोटुशीने मयताच्या आसपास येऊ नये म्हणून तिनेच लेकीला फोनवर सांगितलं होतं, येऊ नकोस. सगळे उन्हाळे जिच्या मागे मेंढरांत हिंडली, त्या आजीला लारिसाने मूठभर मातीही दिली नव्हती. मग मुलगी झाली, आणि तिने कुणाला न विचारता हे नाव ठेवून टाकलं.

बाहेरून गाडीचा भोंगा वाजला. व्हर्नाचा भाऊ विल्बर्ट खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "मायलेकींची लढाई आटपली असेल तर निघू या का? विहिरीवर रांग लागते!"

"मामा, तूच सांग हिला."

"मी मेंढ्यांना सांगतो बाई, त्या ऐकतात. तुझ्या आईच्या वाटेला मी लहानपणापासून जात नाही."

लारिसा हसली नाही. कोट चढवता चढवता हलक्या आवाजात म्हणाली, "उद्या परत गेले की नाव बदलायला देते. ज्या नावाने घरची आजी हाक मारणार नाही, ते घेऊन पोरीने काय करायचं?"

व्हर्ना पातेलं ढवळत राहिली. मागची पाण्याची रिकामी पिंपं खडखडवत गाडी गेली आणि धूळ बराच वेळ दारासमोर तरंगत राहिली.

पेज तयार झाली. तिने पातेलं उतरवलं, वाडगा भरला आणि खाल्लं मात्र नाही. बाळ कुरकुरू लागलं. तिने फळी मांडीवर घेतली, थोपटलं, मेंढीसारखं बें केलं, जीभ काढून दाखवली. बाळाने कपाळाला आठी घातली. ती आठी बघून व्हर्नाचा हात थांबला. जाडसर भुवया, त्यांच्यामध्ये एकच उभी रेघ. लोकर नीट पिंजली गेली नाही की आईच्या कपाळावर अशीच रेघ उमटायची.

तिने दाराकडे पाहिलं. दार पूर्वेला होतं, उघडंच होतं. माळावर कुणी नव्हतं.

ते नाव तिने जन्मात उच्चारलं नव्हतं. आई जिवंत असताना ती तिला नुसतं आईच म्हणायची; आईला कोण नावाने हाक मारतं? आणि मग ती गेली. आता जिभेवर ते नवंच वाटत होतं, दुसऱ्या कुणाच्या घरातून आणलेल्या भांड्यासारखं. व्हर्नाने ओठ ओले केले. बाळाच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि ते नाव घेतलं.

बाळ बघत राहिलं.

तिने पुन्हा घेतलं, जरा मोठ्याने.

बाळाची हनुवटी थरथरली, तोंड उघडलं, आणि खुदकन हसू आलं. पहिलंवहिलं, आवाजासकट. स्वतःच्याच आवाजाने दचकून ते पुन्हा हसलं. व्हर्नाने पदराने करावं तसं सदऱ्याच्या बाहीने तोंड झाकलं.

गाडी परतली तेव्हा ती बाळाला घेऊन अंगणात उभी होती.

"हसली," ती म्हणाली.

"काय?" विल्बर्टने गाडी बंदही केली नाही. "आठवडाभर मी माकडासारखी तोंडं करतोय आणि हसली तुझ्यापाशी? कशाने?"

"मी शिंकले."

"तुझ्या शिंकेने तर बोकडही पळतात! असो, आता सुटका नाही. आपली रीतच आहे, बाळाला पहिल्यांदा हसवलंस, म्हणजे जेवण तुझ्याकडे. मेंढरू काप, भावकी बोलाव, आणि पोरीच्या हातून प्रत्येकाला मिठाचा खडा दे. तेव्हाच हात सढळ होतो तिचा."

लारिसा खाली उतरली होती. ती बाळाकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती.

"उद्या जाऊ नकोस," व्हर्ना तिला म्हणाली. "माणसं लांबून येतील. मीठ घेताना विचारतील, मुलीचं नाव काय."

लारिसाचा हात गाडीच्या दारावरच राहिला. "मग?"

"मी हसवलंय. मीच सांगेन."

विल्बर्ट काही ऐकलंच नसल्यासारखा मागे गेला आणि पिंपाला नळी लावू लागला.