पळसाच्या पानावर उतरलेला समुद्राचा कण

मी समुद्रावरच्या हवेतला एक कण बोलतोय. इतका बारीक, की तुमच्या डोळ्यांत गेलो तरी खुपणार नाही.

माझे आईबाप म्हणजे पाण्यातली डोळ्यांना न दिसणारी हिरवी शेवाळं. ती उन्हावर वाढतात, मरतात, आणि त्यांच्या अंगातला चिकटपणा पाण्यावर सायीसारखा पसरतो. लाट फुटली, बुडबुडे फुटले, की त्या सायीचे आणि मिठाचे कण हवेत उडतात. तसाच मी झालो. माझी काही भावंडं तर त्या शेवाळांच्या नुसत्या वासातून जन्मली. आमच्या अंगावर वाफ धरते, तिचा थेंब होतो, थेंबांचे ढग होतात. माणसं ढगाकडे आशेनं बघतात. तो कशाला धरून उभा आहे, हे कुणी विचारत नाही. आमचं त्यावर काही म्हणणंही नाही.

जन्माच्या आधी मी एका मच्छीमार बोटीच्या कडेला चिकटून पाण्यातच होतो. बोटीवर आदेश नावाचा पोरगा जाळं ओढायचा. समुद्रापासून फार लांब, पोंभुर्ण्याकडच्या गावचा. बोट किनाऱ्याजवळ आली की तो आईला, कमळाबाईला, फोन लावायचा. समुद्र केवढा असतो, हे ती दर वेळी विचारायची.

एकदा तो म्हणाला, "माय, आपल्या तलावाले पल्याडचा काठच नसन, तं केवढा दिसन?"

"मंग तू वापस कोनत्या काठाले येशीन?" असं म्हणून ती हसली. तोही हसला.

श्रावणातल्या एका सकाळी जाळ्याचा दोर त्याच्या पायात गुंतला आणि तो पाण्यात ओढला गेला. ज्या फेसात तो दिसेनासा झाला, त्याच फेसातून मी उडालो. खाली बोटी त्याला हाका मारत फिरत होत्या. मी वर जात होतो. थांबणं माझ्या हातात नव्हतं.

माझी कितीतरी भावंडं सह्याद्रीवर पावसासोबत पडली. मी हलका, म्हणून उरलो. पुढे कापसाची रानं गेली, सागाचं जंगल आलं. तिथल्या धुक्यात मी थेंब झालो आणि एका पळसाच्या पानावर उतरलो. थोड्या वेळानं एका म्हाताऱ्यानं ते पान खुडून टोपलीत ठेवलं. तो आदेशचा बाप, लटारू.

बोट चालवणाऱ्या तांडेलानं फोनवर सांगितलं होतं, की शोध थांबवला. देह मिळाला नाही, तर इकडे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्यालाच अग्नी देतात. भावकी म्हणत होती, करून टाका, पोराचा जीव भटकत ठेवू नका. कमळाबाई ऐकेना. पुतळा जळाला म्हणजे पोरगा मेला, तोवर नाही, एवढंच तिचं म्हणणं. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

लटारूनं अंगणात पुतळा मांडायला घेतला. ओली पानं जळत नाहीत, म्हणून तो एकेक पान खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसत होता. मला भीती वाटली. दुपट्ट्याला लागलो असतो, तर दोरीवर वाळून संपलो असतो.

तेवढ्यात कमळाबाई दारात आली. पुतळ्याकडे बघत राहिली.

"एवढासा व्हता का तो?" ती म्हणाली.

मग खाली बसून तिनं टोपलीतली पानं घेतली आणि पाय लांबवले, छाती रुंद केली. माझं पान तिनं खांद्याच्या जागी ठेवलं. लटारूचा दुपट्टा तिकडे आला, तसा तिनं त्याचा हात धरला.

"पुसू नका जी."

"ओलं हाय. लवकर जळनार नाई."

"नोको जळू दे लवकर."

लटारूनं दुपट्टा खांद्यावर टाकला. आता भावकीतली माणसं आम्हाला नदीवर नेतील. मला या बाईला खूप सांगायचं होतं, पण माझ्यासारख्याला तोंड कुठलं? ज्या फेसानं तिचा आदेश नेला, त्यातलं एवढंसं तिच्या बोटांखाली आहे, हे तिला कधी कळणार नाही.

बाबांनो, पुतळा उचलताना घाई करू नका. तिचा हात अजून त्याच्या खांद्यावर आहे.