उसवलेली टोपी आणि इवलंसं नाक

मी एक जुनी नाकनळी आहे. लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो! वेळेआधी जन्मलेल्या बाळांना मी श्वास घ्यायला मदत करते. बंगळूरच्या पीण्या या औद्योगिक भागातल्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. बाळाच्या नाकपुड्यांत बसणारी दोन मऊ टोकं, मागे हवेची नळी आणि बाळाच्या टोपीला बांधायच्या दोन नाड्या, एवढाच माझा संसार.

१९९६ साली तिथल्याच एका इस्पितळात सुखदाताईंची लेक माझ्या वाट्याला आली. वजन अवघं अकराशे ग्रॅम. मी हवा देऊ लागले, तशी तिची छाती शांतपणे वरखाली होऊ लागली. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. खरं सांगते, मी जरा फुगलेच.

पण टोपीने घोळ केला. बारशाआधी बाळाच्या अंगाला नवं काही लावायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. म्हणून सुखदाताईंच्या सासूबाई, वसुमतीआजी, थोरल्या नातवाची लोकरीची टोपी घेऊन आल्या. ती बाळाच्या डोळ्यांवर यायची. टोपी सरकली की मी निसटायचे. मी निसटू नये म्हणून नर्स अहल्या माझ्या नाड्या करकचून आवळायची. तिसऱ्या दिवशी बाळाच्या दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर लाल जखम दिसली. ती माझ्यामुळे झाली होती. मला फार वाईट वाटलं. मला काढावं तर श्वास अडणार, ठेवावं तर नाक झिजणार!

अहल्या तिच्या कानडी वळणाच्या मराठीत आजींना म्हणाली, "अक्का, चूक माझी. मी फार आवळलं. पण टोपी स्वल्प लहान हवी."

"नवी नाही हं चालायची," आजी पुटपुटल्या. मग बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी तीच टोपी सरसर उसवायला घेतली. "लोकर तर जुनीच की! सरी?" ठीक ना, असं त्यांनी अहल्याला तिच्याच कानडीत विचारलं.

संध्याकाळपर्यंत संत्र्याएवढी टोपी विणून झाली. ती धुऊन, वाळवून दुसऱ्या दिवशी बाळाला घातली, आणि चपखल बसली. अहल्याने जखमेवर मऊ पट्टी लावली, नाड्या सैल केल्या आणि मी पडद्याला टेकणार नाही इतकी जागा सोडली. दर दोन तासांनी ती वाकून बघायची. जखम हळूहळू भरली.

बाळ आपलं आपण श्वास घेऊ लागलं, तसं अठराव्या दिवशी मला काढलं. सुखदाताईंनी लेकीचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा पाहिला. नाक अगदी शाबूत होतं. "आई, हिला नथ काय शोभेल!" त्या हसता हसता रडल्या.

आता मी शिकाऊ नर्सना दाखवायच्या कपाटात असते. मित्रांनो, तिला श्वास देणारी मीच तिला जखम करत होते, आणि मला ते कळलंही नव्हतं. कुणाला सांभाळाल, तेव्हा आपलंच काही रुतत नाही ना, हे जरा वाकून बघत जा.