लेना माहेरी गेली

ग्रुपवर सकाळपासून नुसता धुरळा उडाला होता. धनलक्ष्मीनं शिलाई मशीनवरचा पाय थांबवला आणि आवाजी मेसेज ऐकायला मोबाईल कानाशी धरला.

ग्रुपचं नाव ‘खोया नक्शा’. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी रविवारी सकाळी दहाला टीव्हीवर लागायची ती मालिका. परदेशातली, पण हिंदीत बोलणारी. म्हातारा कप्तान, नकाशे वाचणारा एक चष्मेवाला आणि त्यांची नाव वल्हवणारी लेना, अशी तिघं खजिना शोधत देशोदेशी हिंडायची. चिटगुप्प्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेल्या गुरुलिंगनं या मालिकेच्या वेड्यांना एकत्र केलं आणि बघता बघता बीदरपासून आळंदपर्यंतची साठेक माणसं जमली. कुणी मराठीत बोलायचं, कुणी कन्नडमध्ये, आणि भांडण पेटलं की सगळेच दखनी उर्दूवर उतरायचे.

आजचं भांडण पिशाच्चाच्या भागावरून होतं.

“अख्ख्या मालिकेत भूत कधी खरं निघालं न्हाई,” गुरुलिंग तावातावानं सांगत होता. “दर वेळी चादर ओढली की खालून माणूसच निघायचा. मग त्याच भागात खरा रक्त पिणारा कामून आणला? तिथंच मालिका नासली.”

आळंदच्या अक्कम्मा टीचरनं त्याला उत्तर धाडलं होतं. “नासली न्हाई अण्णा, तिथंच मोठी झाली. दर वेळी माणूसच निघणार म्हणल्यावर भ्या कशाचं? त्या दिवशी पहिल्यांदा कप्तानाला काई करता आलं न्हाई. लेनाचं मरण मला अजून आठवतंय बघा.”

धनलक्ष्मीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं परत ऐकलं. मग बटण दाबून बोलली, “टीचर, लेना कुठं मेली? ऊन पडल्यावर तिच्या मानेवरचे दातांचे व्रण गेले की. मग ती माहेरी गेली, बाळंतपणाला.”

ग्रुपवर मग हसऱ्या तोंडांची रांग लागली. “लेनाचं लगीन कधी झालं?” कुणीतरी विचारलं. “जेवण कुणाकडं होतं?” दुसऱ्यानं विचारलं.

गुरुलिंग मात्र हसला नाही. त्याच्याकडे कुठल्याशा जुन्या कॅसेटवरून उतरवलेला तुकडा होता, तो त्यानं टाकला. चित्र खरबरीत, मधे मधे पांढऱ्या रेघा. डोंगरातली खानावळ. लेना भिंतीला टेकून बसलेली, ओठ काळे पडलेले. कप्तान तिच्या कपाळावरून हात फिरवतो, उठतो, बाहेर येतो आणि दाराला अडसर घालतो. आतून लेना हळू आवाजात त्याला हाक मारते. तो दाराला पाठ लावून उभा राहतो, कानांवर हात ठेवून. संपलं.

धनलक्ष्मीनं तो तुकडा चार वेळा पाहिला. पिकोला आलेली साडी मशीनखालीच अडकून राहिली.

लहानपणी मंठाळला त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. वडील तुळजारामअप्पा मेंढरं घेऊन रानात. आई बाणूबाई मजुरीला. टीव्हीसाठी दोघी बहिणी गावातल्या राघोबाकाकांच्या पडवीत जाऊन बसायच्या. पिशाच्चाच्या भागाला धनलक्ष्मी नऊ वर्षांची होती. खानावळीच्या मालकाची सावली भिंतीवर पडेना, तेव्हाच ती किंचाळून पळाली ती थेट घरात, घोंगडीखाली. पंधरा वर्षांची जगदेवी शेवटपर्यंत बसली. घरी आली, घोंगडी वर केली आणि म्हणाली, “बरी झाली की गं लेना. ऊन पडलं तसे मानेवरचे व्रण गेले.” पुढच्या भागात लेना दिसेना, तेव्हा तिनंच सांगितलं, की तिला दिवस गेलेत, ती माहेरी गेलीय, तिच्या आईनं पिवळं लुगडं नेसून दारात ओवाळलं तिला.

धनलक्ष्मीनं बीदरला फोन लावला. जगदेवी तिथल्याच मैलूर भागात राहायची.

“अक्का, लेना मेली होती?”

“कोण लेना?” मग तिकडून धाप लागल्यासारखं हसू आलं. “अगं बाई! अजून तेच धरून बसलीस व्हय? तीन दिवस तू माझा पदर सोडला न्हाईस. काय सांगू मग तुला?”

धनलक्ष्मीही हसली. हसताना तिच्या लक्षात आलं, की अक्का दोन वाक्यांमधे थांबायलीय. “तुझी तब्येत कशी हाय?”

“एकदम चांगली. रिपोर्ट आले की परवा. डॉक्टर म्हणले, आता गोळ्या बी कमी करू. हिरव्या रंगाची ती मोठी गोळी असती का, ती तर बंदच केली. कंपाउंडर बी म्हणला, अक्का तुमचा चेहरा खुलला म्हणून.”

फोन ठेवला, पण धनलक्ष्मीचा जीव ठिकाणावर येईना. हिरवी गोळी. कंपाउंडर. पिवळं लुगडं.

अक्का खरं बोलायची तेव्हा एका शब्दात बोलायची. खोटं बोलायची तेव्हा त्यात रंग भरायची. अप्पांना दवाखान्यात नेलं त्या वर्षीही धनलक्ष्मीनं विचारलं होतं, अप्पा कधी येणार? “गुरुवारी,” अक्का म्हणाली होती, “घोंगडी झटकून ठेवा म्हणलेत, आणि तुला केळी आणायलेत.” अप्पा आले नाहीत. आलं ते त्यांचं प्रेत.

चार महिने झाले, अक्का घरी येऊ देत नव्हती. कधी घराला रंग द्यायलेत, कधी नणंदेचे पाव्हणे आलेत. धनलक्ष्मीनं ते सगळं मुकाट्यानं ऐकलं होतं. आता ती एकेक गोष्ट आठवू लागली आणि प्रत्येकीत कुठला ना कुठला रंग भरलेला सापडू लागला. तांबड्या साडीला तिनं निळा दोरा लावला, उसवला, परत निळाच लावला. भाकरी करताना तवा तापून लाल झाला तरी तिला कळलं नाही.

“भीमण्णा काई म्हणला का तुला?” शेजारणीनं विचारलं. नवऱ्याचा काही संबंध नव्हता. पण काय झालंय हेही तिला सांगता येईना.

मंगळवारी सकाळी ती बीदरच्या बसमध्ये बसली. बस प्रत्येक फाट्यावर थांबली. तिला उतरून पळत सुटावंसं वाटत होतं.

मैलूरच्या घराला कुलूप होतं. रंगाचा कुठं पत्ता नव्हता. भिंतीचे जुनेच पोपडे. शेजारची बसव्वा सुपात तूर घेऊन बाहेर आली. “जगदेवी न्हाई की आज. मंगळवार-शुक्रवार दवाखान्यात मशीनवर असती. तुम्हाला ठाऊक न्हाई?”

दवाखान्याच्या जिन्यात दाजी भेटले. मल्लिकार्जुन, धिप्पाड माणूस, पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसलेला. धनलक्ष्मीला पाहून तो उठला आणि खाली बघू लागला.

“कधीपासून, दाजी?”

“चार महिने. दोन्ही किडन्या गेल्यात.” त्याचा आवाज फुटला. “तिनं शपथ घातली होती. तुझ्यापर्यंत गेलं तर जेवणार न्हाई म्हणली.”

आत सहा खाटा होत्या. तिसरीवर अक्का. उजव्या दंडातून लाल नळी निघून खाटेशेजारच्या मशीनमध्ये जात होती आणि दुसरीतून रक्त परत येत होतं. चेहरा सुजलेला, हात काडीसारखे. धनलक्ष्मीला वाटलं, पाठ फिरवून मंठाळपर्यंत पळत जावं. ती खाटेपाशी गेली.

जगदेवीनं डोळे उघडले. धाकटीला ओळखलं आणि लगेच सुरू झाली, “अगं, हे थोड्या दिवसांचंच हाय. डॉक्टर म्हणले, उन्हाळा सरला की...”

“नको,” धनलक्ष्मी म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. “मी नऊ वर्षांची न्हाई, अक्का. बरी होणार हायस का?”

मशीन घरघरत राहिलं. जगदेवी छताकडे बघत होती.

“न्हाई.”

धनलक्ष्मी खाटेच्या कडेला बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संताप. ती अक्काला बोलली, दाजींना बोलली, देवाला बोलली. नर्सनं तिला दोनदा गप्प केलं. 

जरा वेळानं अक्कानंच विषय काढला. “काय म्हणायलेत तुझे ग्रुपवाले?”

“कुणी म्हणतंय, त्या भागानं मालिका नासली. टीचर म्हणायल्यात, तोच भाग मोठा.”

“कप्तानानं दार लावलं, ते मला कधी पटलं न्हाई,” अक्का म्हणाली. “ती आतून हाक मारायलीय आणि ह्यो बाबा कानावर हात ठिवून उभा. मी काकांच्या पडवीतून घरी येताना वाटेत रडले. तुला सांगितलं ते थोडं मलाच सांगितलं.”

“त्याचा नाइलाज होता की. उघडलं असतं तर तिनं दोघांना बी खाल्लं असतं.”

“खाल्लं असतं तर खाल्लं असतं.”

“मग मला कामून बाहेर ठिवलीस?” धनलक्ष्मीनं विचारलं.

जगदेवीनं मोकळ्या हातानं चादर वर ओढली.

नर्स पट्टी बघायला आली, तेव्हा धनलक्ष्मीनं विचारलं, बहिणीची किडनी चालती का? नर्स म्हणाली, आधी रक्तगट बघावा लागेल, मग मोठ्या तपासण्या, त्या कलबुर्गीला. पण सख्खी बहीण असेल तर आशा असते.

“रक्त घ्या मग. धनलक्ष्मी लिहा.”

“खबरदार!” अक्का एवढ्या जोरात ओरडली की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा दचकून जागा झाला. “तुझी लेकरं बारकी हायत. सिस्टर, तिचं ऐकू नका. येडी हाय ती.”

“लिहा तुम्ही.”

जगदेवीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. धनलक्ष्मीनं रक्त देऊन आल्यावर स्टूल पुढे ओढलं, तरी ती वळली नाही. मशीनचे चार तास अजून पुरे व्हायचे होते. धनलक्ष्मी उठायची, खिडकीपर्यंत जायची, परत येऊन बसायची. दाजी दारातून डोकावून जायचे.

नळ्या काढल्यावर अक्का खाटेवरून उतरली, तशी तिला भोवळ आली. तिनं चाचपडत हात पुढे केला. दाजी पलीकडे होते. तिनं धनलक्ष्मीचा खांदा धरला आणि रिक्षापर्यंत तो सोडला नाही.

रिक्षा मैलूरच्या रस्त्याला लागली. खड्ड्यांतून डोकी आपटत होती. जगदेवी बाहेर बघतच म्हणाली, “भीमण्णाला इचारलीस का?”

“न्हाई अजून.”

“लगीन झालेली बाई तू. घरात न इचारता असलं करतंय का कुणी?”

“न्हाई म्हणला तर?”

“आधी इचार तर. मग बघू.”

धनलक्ष्मीनं तिच्याकडे पाहिलं. अक्काचा चेहरा थकलेला होता. त्यावरून काही कळत नव्हतं. तिनं मोबाईल काढला. ग्रुपवर अजून भांडण चालूच होतं, एकशे बारा मेसेज. ते तिनं तसेच सोडले आणि नवऱ्याचा नंबर लावला. समोरून वीटभट्टीचा ट्रॅक्टर धडधडत आला. धनलक्ष्मीनं एका कानावर हात दाबला आणि ओरडून म्हणाली, “हॅलो, मी बोलायले. जरा बाजूला येऊन ऐका.”