मुका मार

दोन हजार चोवीस साल. नगरचं नाव त्याच वर्षी सरकारदरबारी अहिल्यानगर झालं आणि आमच्या नागापूरच्या गल्लीत कितीतरी दिवस लोक दोन्ही नावं घेऊन एकमेकांची चेष्टा करत होते. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांची होते. त्या वयात मी जे केलं ते आजवर एकदाच मोठ्यानं सांगितलं आहे, आणि तेही सांगावंच लागलं म्हणून.

सुरुवात नेवाशाला झाली. नेवासा माझं माहेर. तुळशीची लग्नं लागल्यावर तिथं चुलतभावाच्या नातवाचं लग्न होतं. आहेर देऊन आम्ही दोघं नवरानवरीशेजारी फोटोला उभे राहिलो. फोटोवाला म्हणाला, "आजी, तुम्ही जरा मुलाच्या अलीकडं सरका." मी मागं वळून पाहिलं. आमचा वैजनाथ तर पंगतीत वाढत होता. मग उलगडा झाला. फोटोवाला ह्यांना माझा मुलगा समजला होता.

सगळा मांडव हसला. आमचे हे, राधाकृष्ण, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. पण तेव्हा दर पंधरा दिवसांनी केसांना काळं लावायचे आणि कारखान्यात लेथवर उभं राहून पाठ अजून ताठ आहे. ते म्हणाले, "चल आई, जेवून घेऊ." मीही हसले. परतीच्या गाडीत त्यांनी पुन्हा काढलं, "गावानं नाव बदललं, तू आता तोंड बदल."

ह्यांच्या मनात काही नव्हतं. पण मी घरी येऊन आरसा खिडकीशी नेला. डोळ्यांखाली दोन खड्डे पडले होते, त्यांत सावली बसल्यासारखी. तरुणपणी नेवाशात माझ्या डोळ्यांवरून बायका बोलायच्या. आता त्या डोळ्यांकडं बघून लोक विचारायचे, बरं नाही का?

माझ्या धाकट्या बहिणीची नात दिशा नगरच्या एका त्वचेच्या दवाखान्यात कामाला होती. तिला मी हळूच फोन केला. ती म्हणाली, "आजी, त्याला फिलर म्हणतात. सुईनं आत जेल भरतात. अर्ध्या तासाचं काम."

"रस्त्याचे खड्डे बुजवतात तसं?"

"तसंच. पण आमचं पावसाळ्यात उखडत नाही."

घाई यासाठी होती की बारा दिवसांवर साखरपुडा होता. माझी सून पंकजा मिरजगावची. तिची आई नाही. तिच्या धाकट्या बहिणीचा, ज्ञानेश्वरीचा साखरपुडा, आणि मुलीकडची मोठी बाई म्हणून मलाच पुढं उभं राहायचं होतं. पुन्हा फोटो, पुन्हा मांडव. घरी मी सांगितलं, डोळे तपासून येते.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, बोलायला गोड. कागद भरताना तिनं विचारलं, "आजी, रक्त पातळ करायची गोळी वगैरे चालू आहे का?" चालू होती. तीन वर्षांपासून रोज, हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली. खरं सांगितलं तर ही मला परत पाठवील, एवढं मला कळत होतं. मी म्हणाले, "नाही बाई, मला कसलीच गोळी नाही." आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं. दोन्ही डोळ्यांखाली जांभळं काळं झालं होतं, गालाच्या हाडापर्यंत उतरलेलं. डॉक्टरणीला फोन केला तेव्हा गोळीचं कबूल करावं लागलं.  ती म्हणाली, "आजी, यासाठीच विचारलं होतं हो. ती गोळी मात्र मनानं बंद करू नका." दुपारी जाऊन दाखवून आले. नजरेला धोका नव्हता. रक्त साकळलं होतं, दोन आठवड्यांनी जाईल म्हणाली.

त्या दिवशी मला कडूबाई आठवली. मी आठ-नऊ वर्षांची असताना आमच्या आळीत होती. प्रवरेच्या घाटावर धुणं घेऊन यायची, कधी एक डोळा काळा, कधी ओठ सुजलेला. कुणी विचारलं तर म्हणायची, "चौकट लागली." बायका माना हलवायच्या आणि धुणं आपटायच्या. त्या घरात एवढ्या चौकटी कुठून आल्या, असं मी आईला विचारलं तेव्हा आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला होता.

तर चौकट लागली असं मी म्हणणार नव्हते. घरात सांगितलं, न्हाणीत पाय घसरला.

पंकजाच्या हातातलं भांडं खाली आलं. "आई! मी पहाटे साबणाची पावडर टाकून घासलं होतं. पाणी मारायचं राहिलं असणार. माझंच चुकलं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणाले, "जाऊ दे गं, होतं असं." एवढंच म्हणाले. संध्याकाळी ती बाजारातून रबरी चटई घेऊन आली, न्हाणीत अंथरली, आणि दोन वेळा आंबेहळदीचा लेप कालवून माझ्या डोळ्यांखाली लावू लागली. बोट इतकं हलकं, की मला तिच्याकडं बघवत नसे.

तिसऱ्या दिवशी रंगुबाई आली. तिचं घर आमच्यापासून तिसरं. ज्ञानेश्वरीची सोयरीक तिनंच जमवलेली. मुलगा हर्षल तिच्या भावाचा, नेवाशाच्या अंगदरावांचा. हातात साडी घेऊन बोलतच आत शिरली. "मालनबाई, ह्यो रंग पोरीला खुलंल का बगा—" आणि थबकली. "आगं बया! त्वांडाला काय झालं?"

पंकजा वाटीत लेप कालवत होती. तीच आधी बोलली. "माझ्यामुळंच झालं हो मावशी. माझ्याच हातानं झालं. मला रात्रंदिवस तेच खातंय." तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला आणि ती धावली.

रंगुबाईनं तिच्या पाठीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. नाकाला खरचटलेलं नाही, कपाळाला टेंगूळ नाही, नुसते दोन डोळे काळे. मी म्हणाले, "काही नाही. मुका मार आहे. जाईल आठ दिवसांत. तुम्ही मात्र कुणापाशी बोलू नका, साखरपुडा तोंडावर आलाय."

वर जखम नसते आणि आत रक्त साकळतं, त्याला आपण मुका मार म्हणतो. मला तेवढंच म्हणायचं होतं. रंगुबाईनं मुका वेगळा ऐकला आणि मार वेगळा. तिनं माझा हात धरला. "मला नका सांगू, मालनबाई. म्या सासूचा खाल्लाय. तुमी सुनंचा खाताय. काळ फिरला, दुसरं काय."

तिला काय वाटलं ते मला त्याच क्षणी कळलं. कळलं नव्हतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल माया होती, आणि सुया टोचून घेतल्याचं सांगितलं असतं तर तिथं हसू आलं असतं. मी हात सोडवून घेतला नाही.

दोन दिवसांनी सकाळच्या एसटीनं मिरजगावहून पंकजाचे वडील आले. श्रीमंतराव उंच, मोठ्या आवाजाचे माणूस. त्या दिवशी दारात टोपी काढून उभे राहिले.

"विहीनबाई, अंगदरावांचा फोन आला हुता. म्हनले, साखरपुडा सध्या ऱ्हाऊ द्या. का, तर आधी सांगंनात. मंग म्हनले, थोरली सासूवर हात उचलती, धाकटी त्याच चुलीवरची." ते पंकजाकडं वळले. "पंके, खरं बोल. उचललास हात?"

"आप्पा!" पंकजाचा आवाज फाटला. "आई, तुम्ही सांगा ना. सांगा ना काय झालं ते."

मी त्यांना खरं सांगायला तोंड उघडलं. समोर व्याही, शेजारी वैजनाथ, खाटेवर हे. आणि मी म्हणाले, "तसं काही नाही हो. न्हाणीत पाय घसरला."

श्रीमंतराव माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला. "तुमी लई मोठ्या मनाच्या. लेकराला पाठीशी घालताय. माजी मान खाली गेली, पर तुमचा उपकार न्हाई इसरायचा." चहा तसाच ठेवून ते निघून गेले.

दुपारी ज्ञानेश्वरीचा फोन आला. फोन स्वयंपाकघरात मोठ्या आवाजावर होता. "ताई, मला खरं सांगितलंस तरी मी काही म्हणणार नाही. खूप त्रास देतात का गं त्या?" पंकजानं फोन बंद केला. ती न्हाणीत गेली, रबरी चटई उचलली आणि फरशी घासायला लागली. कोरडी, स्वच्छ फरशी. ती घासत होती आणि मी बाहेर खाटेवर बसून तो आवाज ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. रंगुबाईकडं हळदीकुंकू. मी पंकजाला म्हणाले, "साडी बदल, चल."

"मला बोलावणं नाही."

"मी बोलावते आहे."

गल्लीतल्या दहा-बारा बायका होत्या. आम्ही दोघी दारात दिसताच बोलणं थांबलं. रंगुबाई कुंकवाचा करंडा घेऊन माझ्याकडं आली आणि पंकजाला वगळून पुढं जाऊ लागली. मी म्हणाले, "रंगुबाई, थांबा. मला कुणी मारलं नाही. मी पडलेही नाही. डोळ्यांखालचे खड्डे भरायला मी दवाखान्यात जाऊन सुया टोचून घेतल्या. रक्ताच्या गोळीचं डॉक्टरपासून लपवलं, म्हणून हे काळं झालं."

कुणाला काही समजेना. पलीकडच्या घरातली सुरेखा तेवढी शिकलेली. ती म्हणाली, "म्हणजे टीव्हीतल्या बायका करतात ते? मावशी, तुम्ही?"

"ह्या वयात? कुनाला दावायचं हुतं?" कुणीतरी म्हणालं.

"राधाकृष्ण भाऊंना!" आणि हसू फुटलं.

रंगुबाई मात्र हसली नाही. "सुनंला वाचवायला काय बी रचताय. न्हाई पटत."

मग मी मोबाईल काढला. सुया देण्याआधी दिशानं काढलेला फोटो त्यात होता. डोक्याला निळी टोपी, डोळ्यांखाली पांढऱ्या पेन्सिलीनं आखलेल्या रेघा, मी डॉक्टरणीकडं बघून ओठ मुडपून हसते आहे. फोटोवर तारीख होती. मोबाईल एकेकीच्या हातातून फिरत गेला. प्रत्येक बाई फोटो बोटांनी मोठा करायची, मग माझ्याकडं बघायची. तो मोबाईल परत माझ्या हातात येईपर्यंत मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभी होते.

रंगुबाईनं सगळ्यात शेवटी पाहिला. हळू आवाजात विचारलं, "मंग म्या तुमचा हात धरला, तवाच का न्हाई बोलला?"

मी मोबाईल पिशवीत ठेवला.

आणि पंकजा. मी तिला आधी घरात सांगायला हवं होतं. तेवढंही मला सुचलं नाही, की धीर झाला नाही, आजही ठरवता येत नाही. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही न्हाणीत पडलाच नव्हता?"

"नाही."

"मी रोज लेप लावत होते तेव्हाही?"

मी मान हलवली. रंगुबाईनं घाईनं तिला हळदकुंकू लावलं, हातात केळं दिलं. पंकजानं ते घेतलं, रंगुबाईला वाकून नमस्कार केला आणि एकटीच घरी गेली.

आता या गोष्टीला दोन वर्षं होत आली. रंगुबाईनं त्याच दिवशी भावाला फोन केला. साखरपुडा माघात झाला आणि वैशाखात ज्ञानेश्वरी नेवाशाला नांदायला गेली. तिचं आणि हर्षलचं बरं चाललं आहे, यंदा मुलगी झाली. साखरपुड्यात पुढं उभी राहायला तिची मामी आली होती, मी मागच्या रांगेत बसले. श्रीमंतराव भेटले की नमस्कार करतात, पण पायांना हात लावत नाहीत, माझ्या चेहऱ्याकडं बघत नाहीत. दिशानं तो दवाखाना सोडून स्वतःचं पार्लर काढलं. रंगुबाई मुलाकडं पुण्याला गेली. जाताना सगळ्यांना भेटली. मलाही भेटली, उभ्या उभ्या. कडूबाई माझ्या लग्नाआधीच वारली होती. मी तिच्या तोंडावरचे डाग चार दिवस उसने वापरले, हे तिला कधी कळणार नाही.

ह्यांनी मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. फक्त पुढचा पंधरवडा आला तेव्हा केसांना काळं लावलं नाही, आणि नंतर कधीच लावलं नाही. आता ते माझ्याहून मोठे दिसतात. माझे खड्डे वर्षभरात परत आले.

पंकजा पूर्वी मला आई म्हणायची. आता आत्याबाई म्हणते. गल्लीत सगळ्याच सुना सासूला असंच म्हणतात, त्यात बोट ठेवण्यासारखं काही नाही. न्हाणीतली चटई तिनं काढलेली नाही. जेवण वेळेवर वाढते, दुखलं खुपलं बघते. सकाळी चहानंतर रक्ताची गोळी माझ्या तळहातावर ठेवते, आणि मी ती गिळून पाणी पिईपर्यंत समोर उभी राहते.